गुडघ्यातील इंजेक्शन आणि अर्धवट माहिती

आरोग्य पुरवणीतील गुडघेदुखीवरच्या लेखात स्टेरॉईडचे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेण्यास हरकत नाही, असे म्हटले आहे. त्याला माझा आक्षेप आहे. नेमक्या याच प्रश्नावर अमेरिकेत चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गुडघ्याच्या संधिवाताच्या १४० रुग्णांपैकी निम्म्यांना दर १२ आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉईड, निम्म्यांना नुसते सलाईन, असे दोन वर्षे टोचले. दुखण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. कूर्चेची, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत अस्तराची, झीज मात्र स्टेरॉईडच्या गटात जास्त झाली: ०.२१ मिलिमीटर, तर सलाईनच्या गटात ०.१०. वेदना तीन-तीन महिन्यांनीच मोजल्या, त्यामुळे सुरुवातीच्या काही आठवड्यांचा आराम त्यात आला नाही, हे मान्य. तो आराम खरा असतो. माझी आई इंजेक्शननंतर महिनाभर कठडा न धरता जिना चढायची. पण पाचवे इंजेक्शन होईपर्यंत कूर्चेबद्दल तिला कुणी एक शब्दही सांगितला नव्हता. सुई टोचण्याआधी रुग्णाला हे साध्या मराठीत सांगितलेच पाहिजे. आपल्या पुरवणीनेही पुढच्या अंकात ही दुसरी बाजू छापावी.

– एक वाचक, सातारा