ठसे जुळले खरे, पण पडताळले कुणी आणि कसे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गुन्ह्याच्या बातमीत ‘घटनास्थळी मिळालेले ठसे संशयिताच्या ठशांशी जुळले’ हे वाक्य आले की बातमी देणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाही पुढे काही विचारावेसे वाटत नाही. साक्षीदार फितूर होऊ शकतो, कबुलीजबाब दबावाखाली घेतलेला असू शकतो, हे आपण सहज मान्य करतो. बोटांच्या ठशांविषयी मात्र अशी शंका कुणी काढत नाही. वास्तविक ठसा जुळला की नाही हे शेवटी एक प्रशिक्षित माणूस भिंगाखाली किंवा पडद्यावर पाहून ठरवत असतो. त्या माणसाचा निर्णय किती वेळा बरोबर येतो, याचा पद्धतशीर अभ्यास बोटांचे ठसे न्यायालयांत पुरावा म्हणून येऊ लागल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी सुरू झाला. या संशोधनातून पुढे आलेला पडताळणीचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच बातम्यांत कुठे दिसत नाही, म्हणून हे पत्र.

‘जगात कोणत्याही दोन माणसांचे ठसे सारखे नसतात’ हे विधान आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खरे धरले तरी तपासातला प्रश्न त्याने सुटत नाही. पोलीस ठाण्यात शाई लावून किंवा स्कॅनरवर घेतलेला ठसा स्वच्छ आणि पूर्ण असतो. घटनास्थळी मिळतो तो ‘चान्स प्रिंट’: काचेवर, दाराच्या मुठीवर किंवा प्लास्टिकच्या पिशवीवर नकळत उमटलेला, अनेकदा बोटाच्या टोकाचा किंवा कडेचाच भाग, कुठे घसरलेला, कुठे दुसऱ्या ठशावर चढलेला. रेघ जिथे संपते, जिथे तिला फाटा फुटतो किंवा दोन रेघांच्या मध्ये जिथे छोटेसे बेट तयार होते, अशा खुणा तज्ज्ञ शोधतो आणि त्या दोन्ही ठशांत त्याच जागी, त्याच क्रमाने आहेत का ते पाहतो. पण एकाच बोटाचे दोन ठसेसुद्धा हुबेहूब सारखे येत नाहीत, कारण कातडी लवचिक असते आणि दाब दर वेळी वेगळा पडतो. त्यामुळे दिसणारा फरक दाबामुळे आला आहे की बोटच निराळे आहे, हे तज्ज्ञाला अनुभवावर ठरवावे लागते.

या निर्णयाची मोठी परीक्षा अमेरिकेच्या एफबीआयच्या पुढाकाराने झाली आणि तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. 169 ठसेतज्ज्ञांपैकी प्रत्येकाला 744 जोड्यांच्या संग्रहातून साधारण 100 जोड्या तपासायला दिल्या होत्या; कोणती जोडी एकाच बोटाची आहे आणि कोणती नाही, हे संशोधकांना आधीच ठाऊक होते. वेगवेगळ्या बोटांचे ठसे ‘जुळतात’ असे चुकून सांगण्याचे प्रमाण 0.1 टक्का निघाले. अशा चुका एकूण सहा झाल्या आणि त्या पाच तज्ज्ञांनी केल्या. उलट बाजूची चूक, म्हणजे एकाच बोटाचे ठसे ‘जुळत नाहीत’ असे सांगणे, 7.5 टक्के वेळा घडली आणि 85 टक्के तज्ज्ञांच्या हातून ती किमान एकदा तरी झाली. निर्दोष माणसाला गोवण्यापेक्षा खऱ्या माणसाला सोडून देण्याकडे तज्ज्ञांचा कल असतो, असा याचा अर्थ. तो कल न्यायाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरा म्हणावा लागेल.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 37 तज्ज्ञ आणि 37 नवखे लोक यांची तुलना केली. दिसायला बरेच सारखे, पण वेगळ्या बोटांचे ठसे समोर ठेवल्यावर नवख्यांनी निम्म्याहून अधिक वेळा ‘जुळतात’ असे सांगितले. तज्ज्ञांचे हे प्रमाण 1 टक्क्याच्याही खाली राहिले. ठसेशास्त्र हे निव्वळ थोतांड आहे, असे अलीकडे समाजमाध्यमांवर छातीठोकपणे सांगितले जाते. त्या मंडळींनी हा अभ्यास जरूर पाहावा. कौशल्य खरेच आहे, आणि ते वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

तरीही 0.1 टक्का हा आकडा उचलून न्यायालयात वापरावा, असे मला वाटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने 2016 च्या अहवालात याच माहितीवरून, अनिर्णित (‘ठरवता येत नाही’ अशी) उत्तरे हिशेबातून वगळून आणि सांख्यिकीची वरची मर्यादा धरून, चुकीच्या जुळणीचे प्रमाण 306 मध्ये 1 इतके असू शकते असे म्हटले. अमेरिकेतल्याच मायामी-डेड पोलिसांच्या 2014 च्या अभ्यासावरून त्यांनी काढलेला आकडा तर 18 मध्ये 1 होता. त्यातल्या बऱ्याच चुका उत्तर नोंदवताना झालेल्या लेखनिकी स्वरूपाच्या असाव्यात, असेही बोलले गेले. त्या वगळल्या की चित्र पुष्कळ सौम्य होते. पण चुकीची नोंद झाल्याने ज्याला अटक होईल, त्याला हा फरक कितपत दिलासा देईल? शिवाय अशा अभ्यासांत भाग घेणाऱ्यांना आपली परीक्षा चालू आहे हे माहीत असते, आणि परीक्षेत माणूस डोळ्यांत तेल घालून काम करतो. स्पष्ट ठशावरचा निर्णय आणि पुसट, अर्धवट ठशावरचा निर्णय यांना चुकीचा एकच दर लावणेही योग्य नाही.

एफबीआयच्या 2011 च्या अभ्यासातले सर्वांत मोलाचे निरीक्षण या टक्केवारीत हरवून जाते. तीच जोडी दुसऱ्या सहभागी तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे, पहिल्याचे उत्तर माहीत नसताना, तपासली तेव्हा चुकीच्या सर्व जुळण्या उघड झाल्या आणि न जुळल्याच्या चुकांपैकी बहुतेकही पकडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 72 तज्ज्ञांना त्यांनीच पूर्वी तपासलेल्या काही जोड्या साधारण सात महिन्यांनी पुन्हा दिल्या, तेव्हा सुमारे दहातला एक निर्णय बदलला. बदललेले बहुतेक निर्णय ‘अनिर्णित’ या खान्यात गेले. म्हणजे काठावरच्या ठशाबाबत तोच तज्ज्ञ दुसऱ्या दिवशी दुसरे म्हणू शकतो. अशा वेळी दुसरी स्वतंत्र नजर हा या पद्धतीचा खरा आधार ठरतो.

पद्धतीत दुसरी नजर नाही असे नाही. विश्लेषण, तुलना, मूल्यमापन आणि पडताळणी अशा चार पायऱ्या ठसेतपासणीत जगभर शिकवल्या जातात. प्रश्न चौथ्या पायरीचा आहे. पुष्कळ ठिकाणी पडताळणी करणाऱ्याच्या हातात पहिल्या तज्ज्ञाचा निष्कर्ष, त्याने ठशावर केलेल्या खुणा आणि कधीकधी प्रकरणाची सारी हकिगतही असते. खाली सही करायची आहे आणि वर ज्येष्ठ सहकाऱ्याचे नाव आहे. अशा स्थितीत प्रामाणिक माणसाच्या हातूनही री ओढली जाते.

माद्रिद येथे 11 मार्च 2004 रोजी रेल्वेगाड्यांत झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर जे घडले ते याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. डिटोनेटर असलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर स्पॅनिश पोलिसांना ठसा मिळाला. एफबीआयने तो आपल्या संगणकीय संग्रहात शोधला आणि संगणकाने दिलेल्या संभाव्य नावांतील ऑरेगॉन राज्यातल्या एका वकिलाचा ठसा जुळतो, असा निर्वाळा दिला. एकाने दिलेल्या निष्कर्षाला एफबीआयच्याच आणखी दोघांनी दुजोरा दिला. पुढे न्यायालयाने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानेही तेच सांगितले. स्पॅनिश पोलिसांनी एप्रिलमध्येच ‘आमच्या मते जुळत नाही’ असे कळवले होते, तरीही मे महिन्यात त्या वकिलाला अटक झाली आणि सुमारे दोन आठवडे तो कोठडीत राहिला. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचे शोधून काढल्यावरच त्याची सुटका झाली. नंतर सरकारने माफी मागून 20 लाख डॉलरची भरपाई दिली.

अमेरिकी न्याय विभागाच्या महानिरीक्षकांनी 2006 मध्ये या प्रकरणाचा सविस्तर अहवाल दिला. संशयिताचा ठसा पाहिल्यानंतर तज्ज्ञांना मूळ पुसट ठशात अशा खुणा ‘दिसू’ लागल्या ज्या तिथे खरोखर नव्हत्या, असे त्यात नोंदवले आहे. वकिलाच्या आणि खऱ्या माणसाच्या ठशांत विलक्षण साम्य होते, हेही खरे. पण हे साम्य निव्वळ दुर्दैव नव्हते. संग्रह जितका मोठा, तितके त्यात कुठेतरी दुसऱ्या माणसाचे फार मिळतेजुळते बोट सापडण्याची शक्यता अधिक, कारण संगणक नेमकी तशीच बोटे निवडून वर आणतो. संग्रहातून सापडलेला संशयित आणि इतर पुराव्यावरून आधीच पकडलेला संशयित यांच्याबाबतीत ‘ठसा जुळला’ या शब्दांचे वजन सारखे धरता येत नाही. हा भेद मी अजून एकाही बातमीत वाचलेला नाही.

आधी मिळालेल्या माहितीचा तज्ज्ञाच्या नजरेवर परिणाम होतो, हे याच प्रकरणाच्या आधाराने ब्रिटनमधील संशोधकांनी दाखवले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात पाच अनुभवी तज्ज्ञांना एकेक जोडी दाखवून ‘ही माद्रिदची चुकलेली जुळणी’ असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती जोडी त्यांनी स्वतःच काही वर्षांपूर्वी एका खऱ्या खटल्यात ‘जुळते’ म्हणून प्रमाणित केली होती. पाचांपैकी चौघांनी आपला पूर्वीचा निष्कर्ष बदलला. तिघे थेट ‘जुळत नाही’ म्हणाले, एकाने निर्णय देता येत नाही असे सांगितले. पाच ही संख्या लहान आहे आणि प्रयोगातली सूचना फारच ठळक होती, त्यामुळे रोजच्या कामात असेच होते असे त्यावरून म्हणता येणार नाही. तरी नुसत्या माहितीने तज्ज्ञाचा निष्कर्ष हलू शकतो, एवढे त्यातून पुरेसे स्पष्ट झाले.

म्हणून पडताळणी खऱ्या अर्थाने स्वतंत्र हवी, आणि त्यासाठी पहिल्याचे नाव व निष्कर्ष झाकणे एवढे पुरत नाही. दुसऱ्या टेबलावर फक्त ‘जुळले’ असे ठरलेल्या जोड्याच जात असतील, तर पाकीट उघडण्यापूर्वीच पडताळणाऱ्याला उत्तर कळलेले असते. न जुळलेल्या आणि अनिर्णित जोड्याही त्याच ढिगाऱ्यात मिसळायला हव्यात. यात दुसराही फायदा आहे: चुकून ‘जुळत नाही’ ठरलेल्या जोड्या, ज्यांचे प्रमाण अभ्यासात कितीतरी जास्त दिसले, त्या आज अनेक प्रयोगशाळांत पुन्हा कुणी पाहतच नाही. संशयिताचा ठसा समोर येण्यापूर्वी घटनास्थळाच्या ठशातल्या खुणांची लेखी नोंद करून ठेवणे हा त्याला पूरक उपाय असून माद्रिदच्या प्रकरणानंतर एफबीआयने तो स्वीकारला. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या न्यायवैद्यक केंद्रात तर रोजच्या कामात बनावट प्रकरणे गुपचूप मिसळून तज्ज्ञांच्या कामाची परीक्षा घेतली जाते, जेणेकरून परीक्षेचे आणि रोजचे वागणे वेगळे राहू नये.

यावर मनुष्यबळ आणि वेळ कुठून आणायचा, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच गैरलागू नाही. प्रत्येक ठशासाठी हे शक्य नसेल तर निदान पुसट ठसा, संगणकीय संग्रहातून पुढे आलेला संशयित आणि ज्या खटल्यात ठशाखेरीज दुसरा भक्कम पुरावाच नाही, अशा तीन प्रसंगी तरी ते करता येईल. स्कॉटलंडमध्ये 1997 च्या एका खुनाच्या तपासात एका महिला पोलीस अधिकाऱ्याच्या नावावर चुकीचा ठसा लावला गेला होता. त्याच्या न्यायालयीन चौकशीचा अहवाल 2011 मध्ये आला. ठशाचा पुरावा हे तज्ज्ञाचे मत मानावे आणि शंभर टक्के खात्रीची भाषा सोडावी, अशी शिफारस त्यात होती. मत म्हटले की ते कशाच्या आधारे बनले आणि दुसऱ्याने ते कसे तपासले हे विचारण्याचा अधिकार आरोपीच्या वकिलाला, न्यायाधीशाला आणि वाचकालाही आपोआप मिळतो.

आपल्या बातमीदारांना माझी विनंती आहे की, ‘ठसे जुळले’ असे लिहिण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्यांना ठसा किती स्पष्ट होता, संशयित आधी सापडला की ठशावरून सापडला आणि पडताळणी करणाऱ्याला पहिला निष्कर्ष माहीत होता का, एवढे विचारावे. आणि उत्तर मिळाले नाही, तर ते मिळाले नाही असे बातमीत छापावे.

कळावे,
आपला,
एक वाचक