लेथ बंद करणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी माळावर माझं रिमोटचं मॉडेल विमान उभ्या पंखांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. नाइफ एज. या कसरतीत नाक वर धरून ठेवायचं काम एकट्या रडरचं, शेपटीच्या उभ्या सुकाणूचं, आणि रडरनं ते शेवटपर्यंत धरलं. उतरवलं तेव्हा हात कापत होते. घरी आलो, जेवलोही नाही, आधी हे लिहायला बसलो. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नच्या, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांच्या, लाकडांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाची विमानं टांगणारे तुम्ही एकच असाल.

मार्चमध्ये माझं पहिलं अ‍ॅक्रोबॅटिक विमान उसात गेलं. दीड मीटर पंखांचं. अकरा महिने शिफ्ट संपवून रात्री-रात्री बांधलेलं. वरून खाली येताना शेपटीकडून भर्रर्र असा आवाज आला आणि पापणी लवायच्या आत एलिव्हेटर, शेपटीची आडवी हलती फळी, बिजागऱ्यांसकट निघाला. पाल्यानं हात कापून घेत दीड तास उसात तुकडे शोधत होतो.

ज्यांनी सर्वो, म्हणजे एलिव्हेटर-रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरी, विकले त्यांना फोन केला. "१३ किलोचा मेटल गिअर आहे साहेब, तो कसा जाईल? तुम्हाला उडवता येत नाही." फोन बंद. माळावरच्या जुन्या मंडळींपैकी एकानं व्हिडिओ काढला, दुसऱ्यानं "मला माहीतच होतं" म्हटलं. माहीत होतं तर विमान हातात असताना का बोलला नाहीत, हा प्रश्न मला अजून पडतो. तिसऱ्यानं दुप्पट किमतीचे सर्वो घ्यायला सांगितलं. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. त्या तुकड्यांना हात मात्र कुणीच लावला नाही.

मग कुणीतरी तुमच्याकडे पाठवलं. मी पोत्यात तुकडे घेऊन दारात उभा, आणि तुमच्या लेथवर एक मोठा पॅटर्न फिरत होता. तुम्ही पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि लेथ बंद केला.

काका, मी शिरोली एमआयडीसीत सीएनसीवर आहे. जॉब लागलेला असताना मशीन थांबवणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. डिलिव्हरीचा माणूस तुमच्या बाकड्यावरच बसला होता. त्याला तुम्ही म्हणालात, "थांब जरा, पोराचं ईमान पडलंय." एवढंच. त्या एका वाक्यावर मला भरून आलं होतं, तेव्हा बोलता आलं नाही. गेले दोन आठवडे मी ज्याच्या-त्याच्यापुढे माझी चूक कबूल करत फिरत होतो, आणि तुम्ही अजून काही विचारलंही नव्हतं.

लेथ थांबला म्हणूनच तो आवाज ऐकू आला. पडण्यातून वाचलेला एक सर्वो तुम्ही रिसीव्हरला, विमानात रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या डबीला, जोडायला लावलात. रिमोटची स्टिक मध्यावर, आर्मवर, म्हणजे सर्वोच्या शाफ्टवरच्या छोट्या दांडीवर, काहीच भार नाही, तरी तो गुणगुणत होता आणि आर्म बारीक थरथरत होता. "ऐक. त्येला मधलं ठिकाणच सापडंना." मग बॅटरी काढून आर्म माझ्या दोन बोटांत दिलात आणि डोळे मिटायला सांगितलंत. खट, खट. दातांमधली ढिलाई बोटांना स्पष्ट लागत होती. नंतर तुमच्या भिंतीवरच्या विमानातला सर्वो तसाच धरायला दिलात. तिथं काही नाही, एकदम घट्ट. विकत घेताना मी डब्यावरचा आकडा वाचला होता, सर्वोला बोट लावून बघितलं नव्हतं.

त्या आकड्याचाही हिशेब तुम्हीच लावून दिलात. १३ किलो म्हणजे शाफ्टपासून १ सेंटीमीटरवर, तेही सर्वो जागीच अडेल तिथला जोर, आणि तो कुठल्या व्होल्टेजला मोजला ते वेगळं बघायचं. थ्रीडी कसरतींसाठी मी २.५ सेंटीमीटरचा आर्म लावला होता. म्हणजे डब्यावरचं सगळं खरं धरलं तरी टोकाला ५.२ किलोच उरतात. आणि आर्म जेवढा लांब तेवढी टोकाला ढिलाईही जास्त. ती रॉडमधून एलिव्हेटरला पोचते, वेग वाढला की वारा त्याच फटीत एलिव्हेटरला हलवायला लागतो, त्यातून फ्लटर, तीच भर्रर्र थरथर. "नुसती ताकद असून कुस्ती हुईत न्हाई, पकड लागती," असं म्हणालात. पॅटर्न करताना ओतीव किती आकसणार ते आधीच धरावं लागतं, तशी ढिलाईसुद्धा आधीच धरायची.

मग एक पॅटर्नची फळी उचलून सुतारी पेन्सिलीनं लिहायला घेतलंत. ती फळी आत्ता माझ्यासमोर आहे. सगळ्यात वर 'ढिलाई'. त्याखाली 'मध्यावर परत येतो का'. मग वेग: ६० अंशाला ०.१२ सेकंद किंवा कमी, कारण साधा जुना सर्वो ०.२० च्या आसपास घेतो आणि तोवर विमान पुढं निघून गेलेलं असतं. जोर सगळ्यात खाली. बाजूला आडवं लिहिलंय, 'दात मोज': सर्वोच्या शाफ्टवरचे दात कंपनीप्रमाणे वेगळे, फुताबा २५, हायटेक २४, जेआर २३, एकाचा आर्म दुसऱ्याला ठोकून बसवायचा नाही. आणि कोपऱ्यात, दोनदा अधोरेखित: 'करंट'. चार डिजिटल सर्वो एकदम जोर लावतात तेव्हा लहान बीईसीचं, म्हणजे सर्वो आणि रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या सर्किटचं, व्होल्टेज पडतं आणि रिसीव्हर हवेतच बंद पडतो. माझा बीईसी मी त्याच आठवड्यात बदलला.

नवे सर्वो घ्यायला गेलो तेव्हा फळी सोबत नेली होती. दुकानदारानं दाखवलेले पहिले दोन बोटांनी हलवून परत दिले. तिसरा घेतला. त्यावरचा आकडा ६ किलोचा होता, पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी. आर्मही फार लांब ठेवला नाही. कालचं नाइफ एज त्याच्यावरच झालं.

आपल्याकडे अनोळखी माणसाला पत्ता विचारला तर गाडी वळवून दारापर्यंत सोडणारे लोक आहेत. मी त्यातच वाढलोय. तरीसुद्धा हौसेच्या गोष्टीत माणसं इतकी कोरडी का होतात, कळत नाही. जो पडला त्याच्याजवळ आधी थोडं बसावं, किंमत आणि अक्कल नंतर काढावी. तुम्ही किंमत शेवटपर्यंत विचारली नाहीत. पैसे द्यायला गेलो तर लेथ चालू केलात, म्हणजे पुढचं बोलणं ऐकू येऊ नये.

तेव्हा राहिलेलं आता लिहितो. त्या दिवशी तुम्ही मशीन थांबवलं नसतंत तर पोतं तसंच माळ्यावर गेलं असतं आणि मी हा नाद सोडला असता. मनात तसं ठरवूनच आलो होतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळी माळावर या. वारा नऊपर्यंत पडलेला असतो. रडर आधी तुम्ही दोन बोटांनी हलवून बघा, मग मी सोडतो.

तुमचा,
पोतं घेऊन आलेला