दादाच्या कीटो आहाराबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. दादाची गाठ ग्लिओब्लास्टोमाची, म्हणजे मेंदूतल्या आक्रमक कर्करोगाची, रेडिएशन-केमो सुरू व्हायचंय, आणि "साखर तोडली की गाठ उपाशी मरते" म्हणून कीटो आहार (कर्बोदकं अगदी कमी, स्निग्ध जास्त) द्या, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलंय. आधी तेवढं काढू.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्गनं १९२० च्या दशकात जे पाहिलं ते खरंच आहे. गाठीच्या पेशी प्राणवायू हाताशी असूनही ग्लुकोज अर्धवटच मोडतात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात. पूर्ण ज्वलनात एका ग्लुकोजमागे ३०-३२ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, या वाटेनं जेमतेम २. तरी पेशी हीच वाट धरते, कारण दुप्पट व्हायचं तर नुसती ऊर्जा पुरत नाही. डीएनए आणि पेशीपटलासाठी कच्चा माल लागतो, तो इथून निघतो. वॉरबुर्ग चुकला तो कारण सांगताना. मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) बिघडतात म्हणून असं होतं, असं तो मानायचा. पुष्कळ गाठींत ते धडधाकट असतात आणि ग्लुटामिन, मेदाम्लं जाळत राहतात. कीटोन (कर्बोदकं कमी पडली की यकृत मेदापासून बनवतं ते इंधन) सगळ्याच गाठींना निरुपयोगी असतात असंही नाही: बीआरएफ व्ही६००ई हा जनुकीय बदल असलेल्या मेलानोमाची (त्वचेच्या कर्करोगाची) वाढ उंदरांत अॅसिटोअॅसिटेट या कीटोननं उलट वाढली.

आता हिशेब बघ. ५ लिटर रक्तात ९० मिग्रॅ प्रति डेसिलिटर साखर म्हणजे सगळी मिळून साडेचार ग्रॅम. ताटातून कर्बोदकं काढलीस तरी यकृत प्रथिनं आणि ग्लिसरॉलपासून ती तयार करून पुरवतंच. त्यामुळे साखर थोडी खाली येते, संपत मात्र नाही. खरी घट होते इन्सुलिनमध्ये, आणि या आहारात काही दम असेल तर तो तिथे आहे. २०१८ साली उंदरांवरच्या कामात पीआय३के हे पेशीवाढीचं विकर रोखणाऱ्या कर्करोगाच्या औषधामुळे चढणारं इन्सुलिन कीटो आहारानं दाबलं, तेव्हा औषध जास्त लागू पडलं. त्याच कामात ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) उंदरांना नुसता कीटो दिला तर आजार लवकर बळावला. माणसांत, परत उलटलेल्या ग्लिओमावर (मेंदूतल्या याच कुळातल्या गाठीवर) पुन्हा रेडिएशन देताना उष्मांक कमी केलेला कीटो आणि उपवास जोडून पाहिला (एर्गो-२ चाचणी, २०२०). गाठ पुन्हा वाढायला लागेपर्यंतच्या काळात ठळक फरक पडला नाही. म्हणजे उपचाराच्या जोडीला करून बघता येईल, उपचाराच्या जागी मुळीच नाही.

तरी करायचाच असेल, तर मुलांच्या अपस्मारासाठीचा ४:१ चा तक्ता (वजनानं चार भाग स्निग्धाला एक भाग प्रथिनं-कर्बोदकं) उचलू नका. १८०० उष्मांकांत त्यात १८० ग्रॅम स्निग्ध, आणि प्रथिनं-कर्बोदकं मिळून फक्त ४५ ग्रॅम बसतात. ६० किलोच्या माणसाचे स्नायू त्यावर टिकणार नाहीत. उलट मांडणी कर: आधी प्रथिनं १.३ ग्रॅम प्रति किलो, म्हणजे ७८. कर्बोदकं ३० ग्रॅम. उरलेले साधारण १३७० उष्मांक स्निग्धातून, म्हणजे १५० ग्रॅमच्या आसपास. एमसीटी तेल (मध्यम साखळीच्या मेदाम्लांचं) वापरणार असाल तर एका चमच्यापासून, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवत; एकदम घेतलं की जुलाब ठरलेले.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखेल, गरगरेल. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात, म्हणून. मीठ वाढवायचं की नाही हे मात्र डॉक्टरांनाच विचारा. पुढे बद्धकोष्ठता, क्वचित मुतखडा.

मोजायचं तर रक्तातला कीटोन मोज, रोज एकाच वेळी; ०.५ ते ३ मिलिमोल प्रति लिटरची पातळी चालते. लघवीच्या पट्टीवर फार भरवसा नको: ती अॅसिटोअॅसिटेट पकडते, रक्तात जास्त असणारं बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोन नाही. दादा डेक्सामेथासोनवर (मेंदूची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडवर) असेल तर साखर चढती राहील आणि कीटोन मिळणं कठीण होईल. ताटात चूक नसतानाही त्याला बोल लावू नका. मीटरच्या आकड्यासाठी ते औषध कमी करणं तर दूरच, सूज वाढेल.

वजनकाटा मीटरपेक्षा मोठा. महिन्यात ५ टक्के उतरलं, गिळायला त्रास झाला किंवा मळमळ थांबेना, की कीटो तिथेच सोडायचा आणि जाईल ते खाऊ द्यायचं.

एक गोष्ट मात्र आजच विचारून घे: मधुमेहासाठी ग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू आहे का? ती आणि कीटो एकत्र आले तर साखर फारशी न वाढताही रक्तातलं आम्ल धोक्याइतकं वाढू शकतं. उलट्या, खोल श्वास, सुस्ती दिसली तर मीटरवर साखर ठीक दिसते म्हणून थांबू नका, थेट रुग्णालय. इन्सुलिन चालू असेल तर मात्रा आधीच डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागेल. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल किंवा मेदाम्लं जाळण्याचा जन्मजात दोष असेल, तर सुरूच करू नका.

दादाचं आजचं वजन, औषधांची यादी आणि शेवटचा रक्ततपास पाठव. त्यावरून ताटाचा तक्ता काढतो. तो आहारतज्ज्ञांना दाखवूनच वापर.

तुझाच,
मित्र