निगमांचे अहवाल डिसेंबरातच सभागृहात यावेत

संपादक महोदय,

केंद्राचा पैसा राज्यपालांनी विधिमंडळाच्या संमतीशिवाय वाटू नये, असे राज्यघटनेत लिहावे का, हा प्रश्न अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने 13 ऑगस्ट 2024 रोजी थेट मतदारांपुढे ठेवला. 57 टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नको' म्हटले. (तिथले राज्यपाल निवडून आलेले, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे.) आपल्याकडे असा कौल घेण्याची सोय नाही. मात्र घटनेच्या कलम 203 प्रमाणे खात्याची खर्चाची मागणी नाकारण्याचा वा कमी करण्याचा अधिकार विधानसभेकडे पहिल्यापासून आहे.

पैशाची गळती या मंजुरीनंतर होते. घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय प्रकल्पांची कामे कर्नाटक नीरावरी निगम ही सरकारी कंपनी पाहते. सभागृह मंजूर करते ती निगमाला द्यायची ठोक रक्कम. कोणत्या कालव्याच्या अस्तरीकरणाला किती, हे संचालक मंडळ ठरवते. पैसा निगमाकडे वळला की सरकारी दप्तरात तो खर्ची पडला, मग चारीत पाणी येवो वा न येवो. खात्याची अखर्चित तरतूद 31 मार्चला रद्द होते, निगमाच्या बँक खात्यातली शिल्लक तशीच राहते. वर निगम कर्ज काढणार आणि सरकार हमी देणार. राज्याच्या 1999 च्या कायद्याने एकूण हमीला दोन वर्षांपूर्वीच्या महसुली जमेच्या 80 टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण ती बेरजेला, कामागणिक नाही.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 395 नुसार सरकारी कंपनीचा वार्षिक अहवाल सर्वसाधारण सभेनंतर तीन महिन्यांत तयार करून लेखापरीक्षणासह विधिमंडळात ठेवावा लागतो. सभेची मुदत 30 सप्टेंबर, म्हणजे अहवाल डिसेंबरअखेर तयार हवा. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातले विधिमंडळ अधिवेशनही साधारण त्याच सुमारास भरते. सीमाभागातील आमदारांनी लेखी प्रश्न विचारावा: शेवटचा अहवाल कोणत्या वर्षाचा मांडला? 31 मार्चला बँकेत शिल्लक किती? आपल्या तालुक्यातील प्रत्येक कामाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि दिलेली रक्कम किती? 'सिंचनासाठी काय केले' असे विचारले, तर 'कार्यवाही सुरू आहे' एवढेच उत्तर मिळते. अर्थसंकल्पाची पुस्तके मराठीत नाहीत ही तक्रार रास्तच, पण आकडे वाचायला तेवढी अडचण नाही.

पुरवणी मागण्यांत, म्हणजे अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चात, निगमाच्या नावे रक्कम दिसली, तर आधीची शिल्लक विचारल्याशिवाय कोणी 'होय' म्हणू नये.

— एक वाचक, बेळगाव