मदतीची छायाचित्रे आणि फ्लेमिश चित्रकारांची दृष्टी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पंचगंगेच्या पुराची आठवण कोल्हापूरकरांना अस्वस्थ करते, आणि त्याबरोबरच ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या पुरात सर्वत्र झळकलेली मदतवाटपाची छायाचित्रेही आठवतात. धान्याच्या पिशवीला चार-पाच हात लावून कॅमेऱ्याकडे पाहणारे दाते, आणि कडेला मान खाली घातलेली एखादी वृद्धा, अशी ती मांडणी असे. चित्रकला शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही मांडणी खटकते, कारण याच विषयावर चारशे-पाचशे वर्षांपूर्वी फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातील फ्लेमिश चित्रकारांनी कितीतरी अधिक विचार केला होता.

भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट ही दयेची सहा कृत्ये बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायात येतात. मृतांना मूठमाती देण्याचे सातवे कृत्य मध्ययुगात त्यांना जोडले गेले. फ्लेमिश चित्रकार थोरल्या पीटर ब्रूगेलने १५५९ मध्ये हा विषय रेखाटला, तेव्हा सातही कृत्ये एकाच गावच्या चौकात एकत्र आणली. मध्यभागी दया स्त्रीरूपाने उभी आहे. तिच्या हातात जळते हृदय आहे आणि डोक्यावर स्वतःच्या रक्तावर पिल्ले पोसणारा पेलिकन पक्षी. पण नजर तिच्यावर ठरत नाही; ती पावासाठी दाटलेल्या भुकेल्यांकडे, खोड्यात अडकलेल्या कैद्यांकडे, दूरवरच्या दफनाकडे जाते. कोण देतो आहे, हे मुद्दाम शोधावे लागते. मला या चित्राचे खरे मोठेपण यातच वाटते.

अँटवर्पच्या कॅथेड्रलमधील दानाधिकाऱ्यांनी, म्हणजे गरिबांसाठी मदत गोळा करून ती वाटणाऱ्यांनी, आपल्या प्रार्थनास्थळासाठी बर्नार्ट व्हान ओर्लेकडून चित्र करून घेतले, तेव्हा ही कृत्ये अंतिम न्यायाच्या, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त साऱ्यांचा न्याय करतो त्या दृश्याशी जोडलेली होती. वाटप करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचा स्वतःचा न्याय सतत राहावा, अशी ती योजना होती. फ्लँडर्सच्या उत्तरेकडील हॉलंडमधल्या आल्कमार शहराच्या अनाम चित्रकाराने १५०४ मध्ये याहून धीट मार्ग घेतला. त्याच्या सात फलकांपैकी पहिल्यात ख्रिस्त पावासाठी थांबलेल्या भुकेल्यांच्या घोळक्यात उभा आहे, देणाऱ्यांच्या बाजूला नाही. शुभवर्तमानातील वचनाचा हा सरळ अर्थ आहे, कारण तिथे कनिष्ठातल्या कनिष्ठासाठी केलेले ते ख्रिस्तासाठी केलेले मानले आहे.

आपल्याकडे मदतीची उणीव कधीच नव्हती. पुराच्या काळात तालमी, तरुण मंडळे आणि घराघरांतील स्वयंपाकघरे किती राबली, हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले आहे आणि त्याबद्दल मला नितांत आदर आहे. माझा आक्षेप फक्त त्या कामाच्या चित्रणाला आहे. ज्याचे घर पाण्यात गेले, त्याची लाचारी छापून दुसऱ्याचा गौरव होऊ नये.

म्हणून आपणास विनंती आहे की, येत्या पावसाळ्यात मदतीची छायाचित्रे छापताना घेणाऱ्याची संमती विचारली जावी, पाहुण्यांच्या रांगेऐवजी चाललेल्या कामाला जागा मिळावी, आणि छायाचित्राखालच्या ओळीत घेणाऱ्याचे नाव नसेल तर देणाऱ्याचेही देऊ नये.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर