भरदार व्हाइट वाइन : सुहासला पत्र

नाशिक, फेब्रुवारी

प्रिय सुहास,

व्हाइट वाइन हलकीच असते, बर्फासारखी गार करून प्यायची, हे तुझं म्हणणं माझ्या डोक्यातून जाईना. तुझाही दोष नाही. नाशिकच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या २००० साली आल्या त्या सोव्हिन्यो ब्लांक आणि शेनँ ब्लांक या द्राक्षांच्या. दोन्ही टवटवीत, आणि आपल्याकडे व्हाइट म्हणजे तेच असं होऊन बसलं.

परवा गंगापूर धरणाच्या बाजूला दिंडोरीच्या व्हिओनिए जातीच्या द्राक्षांची एक व्हाइट वाइन चाखली. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरला, तर रंग सोनेरीकडे झुकलेला. पण नुसत्या रंगावर जाऊ नकोस. तो ओक लाकडाच्या पिंपामुळे येतो, वयामुळे येतो, आणि हवा लागून वाइन उतरायला लागली तरी येतो. वासात जर्दाळू, पीच, थोडी फुलं. घोट तोंडात घोळवला तर सायीच्या दुधासारखा जड. हा भार १३-१४ टक्के अल्कोहोलचा असतो, तळाशी बसलेल्या यीस्टवर वाइन मुरवल्याचा असतो. शार्डने द्राक्षांच्या वाइनमध्ये तर बऱ्याचदा जिवाणू मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात आणि लोण्याचा वास येतो.

पण नुसता भार काय कामाचा? त्याला पेलणारं आम्ल हवं, माझी सगळी परीक्षा तिथेच. युरोपात तोडणीच्या दिवसांत हवा गार होत जाते. आपल्याकडे जानेवारी ते मार्च तोडणी, म्हणजे ऊन चढत जाणार. साखर भराभर वाढते, आम्ल उतरतं. व्हिओनिएत ते मुळातच कमी. चार दिवस उशिरा तोडलं तर वास सुरेख येईल आणि वाइन तोंडात बसकण मारेल. म्हणून पहाटे, गारव्यात घड उतरवणाऱ्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

घोट गिळल्यावर घाई करू नकोस. जिभेच्या कडांना पाणी सुटलं की आम्ल शाबूत. परवाच्या वाइनमध्ये ते सुटलं, चवही बराच वेळ रेंगाळली, पण शेवटी घशाशी अल्कोहोलचा चटका लागला. चांगली म्हणेन, उत्तम नाही.

आणि फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतू नकोस रे! १०-१३ अंशांवर हिचा वास खुलतो, आणि दोष असतील तर तेही उघडे पडतात. मिसळीबरोबर घेऊ नये, तिखटाने तो चटका वाढतो. नारळाच्या दुधातली, बेताच्या तिखटाची कोळंबी कर म्हणावं वहिनींना.

तोडणी संपायच्या आत ये. एक सोव्हिन्यो, एक पिंपातली शार्डने आणि ही व्हिओनिए, तिन्ही कागदात गुंडाळून ठेवतो. जड कुठली ते तू न बघता सांगायचं. गाडी तू चालवणार असशील तर थुंकायला वेगळा पेला ठेवीन. कधी येतोस ते कळव.

तुझा,
अविनाश