सापळे पुष्कळ, हिशेब वाचणारे मोजके

महोदय,
भ्रष्टाचारविरोधी यंत्रणेची ताकद छाप्यांच्या आकड्यांवरून कळत नाही. लाच घेताना पकडायचा सापळा त्यातल्या त्यात सोपा: नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी, सोबत पंच, मग सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात लाच घेणाऱ्याची बोटे बुडवली की पाणी गुलाबी. पण त्या पाण्याची बाटली जागेवर सीलबंद झाली नाही, लेबलावर पंचांची सही राहून गेली किंवा मुळात लाच मागितल्याचेच सिद्ध झाले नाही, तर खटला ढासळतो. बेहिशेबी मालमत्तेचे काम याहून किचकट. १०-१२ वर्षांचे उत्पन्न, खर्च, नातलगांच्या नावावरची खाती जुळवायला मुरलेला लेखापाल लागतो. तिथे येतो पोलिस दलातून २-३ वर्षांसाठी पाठवलेला अधिकारी. कागद उमजू लागतात तोवर बदली! शिवाय परत ज्या खात्यात जायचे, तिथल्या वरिष्ठांची चौकशी तो किती नेटाने करणार?

हाँगकाँगने १९७४ मध्ये आयोग नेमला तो पोलिसांपासून अलग. तपासाखेरीज प्रतिबंध आणि लोकसंपर्क यांसाठीही त्यात वेगळे विभाग ठेवले. भ्रष्टाचारविरोधी संयुक्त राष्ट्र कराराचे कलम ३६ अशा यंत्रणांना स्वातंत्र्य, प्रशिक्षण आणि साधने द्यायला सांगते. आपल्या यंत्रणेलाही स्वतःची भरती, ठरावीक मुदतीची नेमणूक आणि स्वतःचे वकील आधी द्यावेत. नव्या गाड्या नंतर घेता येतील.

– एक वाचक